दोन डी. डी. कोसंबी आणि एक झोटेरो

आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने प्रोजेक्टात दामोदर कोसंबींचा लेख त्यांच्या वडलांच्या नावावर चढवला होता. विषय गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, गावच्या सामायिक जमिनीचा कारभार बघणारी गोव्यातली जुनी संस्था. तळटीप होती: धर्मानंद कोसंबी, १९६२. धर्मानंद वारले १९४७ साली. म्हणजे जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावांवर लिहायला घेतलं!

"मॅडम, डी. डी. कोसंबीच ना ते?"

"डी. डी.च. पण कुठचे?"

तिची चूक तशी नव्हतीच. बाप धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरं दोघांचीही तीच. गोव्यातल्या गावांवरचा तो लेख 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२च्या पुस्तकातला, आणि तो मुलाचा. वडील सांखवाळचे बौद्ध पंडित, मुलगा गणिती. तिने नेटवर आडनाव शोधलं, पहिला फोटो वडलांचा आला, विषय संपला.

हे आठवायचं कारण, त्याच आठवड्यात मी मुलांना झोटेरो शिकवायला सुरुवात केली. मी डिचोलीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तीन वर्षं झाली, शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे सॉफ्टवेअर वापरायला लावते आहे. आता परीक्षण लिहायला हरकत नाही.

झोटेरो म्हणजे संदर्भांची पेटी. पुस्तक, लेख, वर्तमानपत्राचं कात्रण, प्रबंध, जे वाचाल त्याची नोंद त्यात ठेवायची, आणि वर्डमध्ये लिहिताना बटण दाबून ती नोंद कंसात किंवा तळटिपेत आणायची. शेवटची संदर्भसूची ते स्वतः लावून देतं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी २००६ साली हे काढलं, आणि ते वापरताना कळतं. जुने कागद, हस्तलिखितं, मुलाखती, पत्रं यांना त्यात वेगळे रकाने आहेत. नाव अल्बानियन भाषेतल्या एका क्रियापदावरून घेतलंय म्हणे, एखादी गोष्ट अंगी बाणवणे अशा अर्थाचं. मुलं त्याला 'झोरो' म्हणतात. मी सुधारणं सोडून दिलं.

पैसे लागत नाहीत. फायली ठेवायला ३०० एमबी जागा फुकट मिळते, २ जीबी हवी असेल तर वर्षाला २० डॉलर. ते कोणी भरू नका. नोंदी कितीही ठेवल्या तरी त्याचा हिशेब होत नाही, जागा खातात त्या पीडीएफ. सेटिंगमध्ये जाऊन फायलींचं सिंक बंद करा, पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्या. पोर्तुगीज काळातलं स्कॅन केलेलं एकेक पुस्तक शंभर एमबीचं असतं, तीन पुस्तकांत तुमचा कोटा संपला.

मुलांना सगळ्यात आवडतं ते जादूच्या छडीचं बटण. आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा डीओआय (नेटवरच्या लेखाचा कायमचा क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, प्रकाशक सगळं आपोआप भरून येतं. पहिल्या दिवशी वर्गात "आरे वा" झालं. दुसऱ्या दिवशी तीच मुलं रडकुंडीला, कारण गोव्यावर काम करणाऱ्याच्या हातात जे येतं त्यातलं निम्मं आयएसबीएन निघण्याच्या आधीचं. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून काढलेल्या कात्रणाला कुठला डीओआय? तिथे हातानेच भरायचं. आणि मी सांगते, हाताने भरलेली नोंदच बरी. मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान उघडायचं, मागची बाजू बघायची, आवृत्ती कितवी ते शोधायचं. आपोआप आलेल्या नोंदीवर मुलं डोळे झाकून विश्वास ठेवतात. ज्या कॅटलॉगातून ती आली तिथेच घोळ असेल तर झोटेरो काय करणार? संशोधक अनंत काकबा प्रियोळकरांचं आडनाव 'अनंत' होऊन येतं आणि सूचीत ते थेट 'अ'मध्ये जाऊन बसतात.

एक मुलगा क्रिस्तपुराणावर, म्हणजे फादर स्टीफन्सच्या जुन्या मराठी काव्यावर, लिहीत होता. संदर्भ दिला: स्टीफन्स, १६१६. मी विचारलं, बाबा, १६१६ची प्रत तू कुठे पाहिलीस? १६१६, १६४९ आणि १६५४, तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्याच्या हातात होती ती १९०७ साली सालढाणांनी मंगळूरला छापलेल्या आवृत्तीची झेरॉक्स. मग १९०७ लिहायचं? तर वाचणाऱ्याला वाटणार स्टीफन्स विसाव्या शतकातले. ह्यावर झोटेरोत तोड आहे, आणि ती फार कोणाला माहीत नसते. 'एक्स्ट्रा' नावाचा एक रिकामा रकाना असतो, त्यात 'ओरिजिनल डेट' लिहून दोनबिंदू द्यायचे आणि पुढे १६१६ टाकायचं, इंग्रजी अक्षरांत. तारखेच्या नेहमीच्या रकान्यात १९०७. एपीए शैली (संदर्भ लिहायच्या ठरावीक पद्धतींतली एक) निवडली की कंसात १६१६/१९०७ असं दोन्ही येतं. ते उमटलं तेव्हा पोरगं खुर्चीतून उठलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोर्तुगीज शीर्षकांसाठीही अशीच एक खुंटी आहे. एमएलए किंवा शिकागो शैलीत झोटेरो शीर्षकातल्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी करून टाकतं, इंग्रजीच्या नियमाने. पोर्तुगीजला तो नियम नाही. 'लँग्वेज' रकान्यात पोर्तुगीजचा दोन अक्षरी कोड टाकला की हात लावत नाही. देवनागरीला मोठी लिपी नाही, त्यामुळे आपण सुटलो.

मराठीच्या बाबतीत मात्र अर्ध्यावर सोडल्यासारखं आहे. एका फाइलला एकच भाषा निवडता येते. सूचीत मराठी आणि इंग्रजी पुस्तकं एकत्र असली आणि भाषा इंग्रजी ठेवली, तर तीन मराठी लेखकांच्या नावापुढेही 'एट अल.' असं इंग्रजी लिपीतच उमटतं. 'आणि इतर' शेवटी हाताने घालावं लागतं, आणि ते सगळ्यात शेवटी, झोटेरोचा दुवा तोडून फाइलची वेगळी प्रत केल्यावरच. आधी केलंत तर पुढच्या रिफ्रेशला सगळं पुसून परत पहिल्यासारखं.

आणि कोसंबी? एपीएत दोघेही 'कोसंबी, डी. डी.' असेच येतात, तुम्ही पूर्ण नाव भरलं तरी. एमएलएत पहिलं नाव पूर्ण छापतात, तिथे बापलेक वेगळे होतात. त्या मुलीला मी शैली बदलायला लावली. दोन क्लिकचं काम, नव्वद संदर्भ एका दमात बदलले. हाताने केलं असतं तर चतुर्थी आली असती. फक्त एमएलएत कंसात वर्षाऐवजी पान येतं, आणि पान क्रमांक नोंद घालतानाच टाकावा लागतो. तो तिने एकाही ठिकाणी टाकला नव्हता. मग बसली चार दिवस पानं शोधत. तेवढ्यात तिने ते पुस्तक खरोखर वाचलं, हा वरचा फायदा.

विज्ञानाच्या मुलांना एवढंच सांगते, मागे घेतलेला शोधनिबंध तुमच्या पेटीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ती पट्टी बंद करू नका.

गेल्या वर्षी एकाने चॅटबॉटकडून बारा संदर्भ लिहून आणले. स्वल्पविराम, तिरके अक्षर, सगळं देखणं. त्यातले सात लेख जगात नव्हतेच. मी त्याला म्हटलं, एकेक झोटेरोत घाल, डीओआय टाकून. डीओआय स्वीकारला जात नाही म्हटल्यावर तो स्वतःच गप्प झाला. मला ओरडावं लागलं नाही.

ज्याला चार पानी असाइनमेंट द्यायची आहे त्याने हे शिकण्यात वेळ घालवू नये, वहीत लिहून ठेवलं तरी पुरे. पन्नास पानांच्या वर जाणार असाल, तर पहिलं पुस्तक उघडायच्या आधी बसवून घ्या. मार्चमध्ये, बायंडिंगवाल्याकडे रांग लागल्यावर माझ्याकडे येऊ नका. आलात तर लॅपटॉप चार्ज करून आणा. लायब्ररीत प्लग दोनच आहेत, त्यातला खिडकीजवळचा सैल आहे.