वेन्सलीडेलच्या दगडी कॉटेजमध्ये पाच महिने : वापरानंतरचा अनुभव

लीड्समधल्या आमच्या घराचे छप्पर आणि वरचा मजला दुरुस्तीला काढायचे ठरले, तेव्हा पाच महिने कुठे राहायचे हा प्रश्न उभा राहिला. शहरात दुसरे घर भाड्याने घेण्याऐवजी आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागातले एक सुट्टीचे कॉटेज नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत सलग घेतले. उन्हाळ्यात आठवड्याच्या हिशेबाने जाणारी ही घरे हिवाळ्यात रिकामी पडतात, आणि काही मालक ती ईस्टरच्या आधीपर्यंत महिन्याच्या भाड्याने देतात. मी आणि पत्नी दोघेही घरून काम करतो. राजापूरहून आईही आमच्याबरोबर राहायला आली होती. घरातल्या वहीत आमच्या आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय मी सगळे वाचले. ते बहुतेक एका आठवड्याचे आणि उन्हाळ्यातले आहेत, आणि त्यांत दृश्याचे, शांततेचे आणि स्वागताला ठेवलेल्या केकचे कौतुक आहे. ते खरेच आहे. परंतु त्या घरात थंडीचे महिने काढायचे असतील तर ज्या गोष्टी आधी ठाऊक असायला हव्यात, त्यांचा त्या वहीत कुठेही उल्लेख नाही.

घर हॉज या बाजारगावापासून दोन मैलांवर, युअर नदीच्या खोऱ्यात, म्हणजेच वेन्सलीडेलमध्ये आहे. भिंती दोन फूट जाड, छपरावर दगडाच्या फरश्या, खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एकत्र, वर दोन खोल्या, आणि त्यांच्याकडे जाणारा अरुंद, उभा जिना. इमारत संरक्षित यादीत असल्यामुळे खिडक्यांना एकेरी काच आहे. गावात गॅसची वाहिनी नाही आणि या घरापर्यंत सांडपाण्याची सरकारी वाहिनीही येत नाही. म्हणजे घर तापवायचे ते तेलावर आणि लाकडावर, स्वयंपाक विजेवर, पाणी डोंगरातल्या झऱ्याचे आणि सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये. या चार गोष्टी समजून घेतल्या तर घर उत्तम चालते. नाही घेतल्या तर पहिले तीन आठवडे आमचे गेले तसे जातात.

लीड्समध्ये आम्ही हीटिंग सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास लावत असू. इथेही तसेच केले, आणि घर कधी उबदार झालेच नाही. इतक्या जाडीचा दगड तापायला दोन-तीन दिवस घेतो आणि एकदा तापला की हळूहळू निवतो. अधूनमधून बॉयलर चालवला तर सगळी ऊब भिंत गरम करण्यातच जाते. मालकाने फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही दिवसरात्र सोळा अंशांवर सेटिंग ठेवले आणि वरची ऊब लाकडाच्या शेगडीतून घेतली. त्यानंतर घरही सुखाचे झाले आणि तेलाचा खपही वाढला नाही. पाच महिन्यांत सुमारे अकराशे लिटर तेल लागले. हे तेल टँकर घेऊन येतो आणि साधारणपणे एका वेळी किमान ५०० लिटर घ्यावे लागते. बर्फ पडल्यावर टँकर आमच्या चढावरून वर येत नसे, त्यामुळे टाकीचा काटा पावभागावर येण्याआधीच मागणी नोंदवायची, हे आम्ही जानेवारीत शिकलो.

बैठकीच्या खोलीतली लाकडाची लोखंडी शेगडी हा या घराचा प्राण आहे, असे मी मनापासून म्हणेन. तिच्यासाठी लाकूड पूर्ण वाळलेले लागते. त्यात वीस टक्क्यांहून कमी ओल असावी. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून लहान प्रमाणात ओले लाकूड जळण म्हणून विकायला बंदी आहे, आणि पिशवीवर ‘रेडी टू बर्न’ हे चिन्ह पाहूनच ते घ्यावे. आम्ही सुरुवातीला एका शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले ताजे तोडलेले ओंडके जाळले. काच काळी झाली, ऊब नावापुरती मिळाली, आणि अशा धुराने धुराड्यात डांबरासारखा थर बसतो हे नंतर कळले. राजापूरच्या आमच्या न्हाणीघरात आजही सरपणावर पाणी तापते, त्यामुळे आईला हे सारे मुळातून समजत होते. तिने दुसऱ्याच दिवशी शेगडीचा ताबा घेतला. “अरे, जाडा ओंडका आधी नको, ढलप्या घाल, आणि राख सगळी काढू नको, राखेच्या गादीवर विस्तव टिकतो,” असे तिने मला सांगितले, आणि घरातल्या सूचनांच्या फाइलमध्येही नेमके तेच लिहिलेले निघाले. पेटवण्यासाठी नारळाची सोडणे नाहीत एवढीच तिची खंत होती. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला होता आणि धुराडे त्याच शरद ऋतूत साफ केल्याची पावती फाइलमध्ये होती. कॉटेज घेताना या दोन्ही गोष्टी आग्रहाने विचारून घ्याव्यात.

ओल हा या घराचा खरा दोष. रोज सकाळी काचांच्या आतल्या बाजूने पाणी ओघळलेले असे आणि ते फडक्याने टिपण्यात दहा मिनिटे जात. ते जुन्या घरांत चालायचेच. परंतु उत्तरेकडच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर डिसेंबरच्या मध्यापर्यंत काळी बुरशी आली आणि कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते तेव्हा आत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. या एका भिंतीला मात्र पूर्वी कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आहे, आणि ओल आत अडकून घराच्या बाजूने फुटते. आम्ही भाड्याची व्यवस्था पाहणाऱ्या एजन्सीकडे तक्रार केली. ओल ओढून घेणारे यंत्र येण्यास एकोणीस दिवस लागले, आणि मधल्या काळात आम्हाला ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढाच सल्ला तीनदा मिळाला. बाहेर शून्याखाली तापमान असताना वयस्क माणसाच्या खोलीची खिडकी रात्रभर उघडी ठेवता येत नाही. आईला आम्ही दक्षिणेकडची खोली दिली आणि आम्ही उत्तरेकडच्या खोलीत गेलो. यंत्र आल्यावर ते दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी काढत असे, आणि बुरशी पुन्हा आली नाही.

स्वयंपाकघराबद्दल सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीतल्या ‘सर्व सोयींनी युक्त’ या शब्दांतून मराठी घराला काहीच कळत नाही. स्वयंपाकाची शेगडी इंडक्शनची आहे, म्हणजे लोहचुंबक चिकटतो तेवढीच भांडी तिच्यावर चालतात. आईने भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर आणि आमची कढई दोन्ही बिनकामाची ठरली. लीड्सहून स्टीलचा जाड बुडाचा कुकर आणि सपाट बिडाचा तवा आणला, तेव्हा स्वयंपाक रुळावर आला. पोळी या तव्यावर फडक्याने दाबून चांगली फुगते. तांदळाच्या भाकरीला मात्र ज्वाला हवी. आईने त्यावर उपाय काढला. बैठकीतल्या लाकडाच्या शेगडीतली ज्वाला विझून निखारे उरले की दार उघडून लांब चिमट्याने भाकरी आत धरायची. पाच महिन्यांत आम्ही खाल्लेल्या सर्वांत चांगल्या भाकऱ्या त्या होत्या.

दुसरी अडचण फोडणीची. धुराचा अलार्म जिन्याच्या तळाशी, म्हणजे स्वयंपाकघरापासून आठ पावलांवर होता, आणि मोहरी तडतडली की तो वाजत असे. इथे मालकाचे कौतुक केले पाहिजे. एजन्सीला न विचारता आम्ही थेट त्यांना कळवले आणि त्यांनी चौथ्या दिवशी माणूस पाठवून धुराचा अलार्म वर जिन्याच्या माथ्यावर हलवला आणि ओट्याजवळ धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म बसवला. तेल आणि तूप मोरीत ओतायचे नाही, हा नियम फाइलमध्ये लाल अक्षरांत आहे, कारण सेप्टिक टँकमध्ये ते गोठून बसते. ब्लीचही जपून वापरावे लागते, नाहीतर टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. तळणीचे उरलेले तेल आम्ही बरणीत साठवून लीड्सला नेत असू.

पाणी चुनखडीच्या थरांतून येते, त्यामुळे ते जड आहे. या खोऱ्याचे डोंगर चुनखडी, वालुकाश्म आणि शेल (पाणी झिरपू न देणारा मातकट खडक) यांच्या आलटून पालटून आलेल्या थरांचे आहेत. चुनखडीतून झिरपलेले पाणी शेलशी अडते आणि तिथे झरा फुटतो. चवीला पाणी उत्तम आहे, पण किटलीत पांढरा थर धरतो आणि डाळ लवकर शिजत नाही. तूर रात्री भिजवल्याशिवाय कुकरला लावायची नाही, हा धडा पहिल्या आठवड्यातच मिळाला. घरात येणारे पाणी अतिनील किरणांच्या दिव्याखालून जाते, आणि तो दिवा चालू असेपर्यंतच ते न उकळता पिता येते.

जानेवारीत वादळाने तारा तुटल्या आणि एकतीस तास वीज नव्हती. बॉयलर तेलावर चालतो, पण त्याचा पंप आणि ठिणगी विजेवर, म्हणून हीटिंग बंद. इंडक्शन बंद. पाण्याचा दिवा बंद. घरातला फोन इंटरनेटवरून चालणारा, तोही बंद. आणि मोबाइलला या घरात कधीच रेंज नव्हती. वीज गेल्याची तक्रार १०५ या क्रमांकावर करायची असते, परंतु तो लावण्यासाठी मला वाऱ्यात पाव मैल चढून रस्त्याच्या वळणापर्यंत जावे लागले. ती रात्र शेगडीने निभावली. आम्ही तिघेही गाद्या खाली आणून तिच्यासमोर झोपलो, पाणी तिच्यावर उकळले, आणि कुकर तिच्या सपाट माथ्यावर ठेवून खिचडी केली. तिला सव्वा तास लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे शेतकरी गुरांना चारा घालून थेट आमच्याकडे आले, आई कशी आहे ते विचारले आणि आमचे फोन त्यांच्या जनरेटरवर चार्ज करून आणून दिले. घरमालकाने फाइलमध्ये या प्रसंगासाठी एक पान लिहिलेले असते तर आम्ही इतके गांगरलो नसतो. मी ते पान लिहून त्यांना पाठवले आणि त्यांनी ते लगेच फाइलमध्ये लावले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. खोऱ्यात तर तो त्याच्याही आधी डोंगराआड जातो. कामाची वेळ संपते तेव्हा बाहेर काळोख असतो. म्हणून आम्ही जेवणाची सुट्टी बाराला घेऊन रोज फिरायला जाऊ लागलो. सार्वजनिक पायवाटा लोकांच्या शेतांतून जातात आणि पिवळ्या बाणांनी दाखवलेल्या असतात. कुंपणावरून जाणाऱ्या दगडी पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, तरी नदीकाठचा सपाट रस्ता तिला पुरेसा होता. पहिल्याच दिवशी शेताच्या बांधावरच्या भिंतीवर हात ठेवून ती म्हणाली, “हा तर आपला गडगा.” चुना-माती न वापरता केवळ दगडावर दगड बसवून रचलेल्या या भिंती खरोखरच कोकणातल्या गडग्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत; दोन बाजूंच्या दोन थरांमध्ये बारीक दगडांची भर आणि अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, ही रचना आईने मला बोट ठेवून दाखवली. हॉजचा बाजार मंगळवारी भरतो. त्याची सनद १६९९ सालची आहे. भाजी, अंडी आणि वेन्सलीडेल चीज आम्ही तिथूनच घेत असू. नाताळात फळांच्या केकबरोबर चीजचा तुकडा खायची यॉर्कशायरची रीत आईला इतकी आवडली की फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे केक संपू दिला गेला नाही. हार्ड्रॉचा धबधबा सुमारे शंभर फूट सरळ कोसळतो. पावसाळी आठवड्यानंतर तो पाहावा. कोथिंबीर, कढीपत्ता आणि तांदळाचे पीठ मात्र महिन्यातून एकदा ब्रॅडफर्डहून आणावे लागले.

खर्चाचे सांगायचे तर महिन्याचे भाडे हे ऑगस्टमधल्या एका आठवड्याच्या भाड्याहून थोडेच जास्त होते. तेल, लाकूड आणि वीज वेगळी. सगळे धरून शहरातल्या घरापेक्षा फार बचत झाली नाही, आणि बचतीसाठी कोणी हे घर घेऊ नये. घरून काम करणाऱ्या दोघांनाही एकाच वेळी व्हिडिओ मीटिंग असेल तर इंटरनेट अडखळते. लहान मूल किंवा जिना न चढू शकणारे माणूस बरोबर असेल तर मी हे घर सुचवणार नाही. ज्यांना घराकडे रोज थोडे लक्ष देण्याची तयारी आहे, त्यांना ते आनंदाने सुचवेन. जाताना तेलाच्या टाकीत काठी बुडवून माप घेतले, मालकाने उरलेल्या तेलाचे पैसे आठवड्याभरात परत केले. आईला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचे आहे आणि आम्ही डिसेंबर-जानेवारीसाठी हेच घर मागितले आहे. तोवर उत्तरेकडच्या भिंतीचे सिमेंट काढून चुन्याचा गिलावा होईल, असे मालकाकडून लेखी घेतले आहे.