मेकर्स मार्क: नुसती प्यायला झकास, ओल्ड फॅशन्डला जरा जपून

मेकर्स मार्क म्हंजे अमेरिकेची बर्बन व्हिस्की, अन् बाटली स्वस्त नाहीये हे आधीच सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२५ मधे केंद्रानं बर्बनवरची इम्पोर्ट ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० वर आणली तेव्हा आमच्या ग्रुपमधे लई आनंदीआनंद झाला होता, पण संभाजीनगरात वाईन शॉपवाल्याला भाव विचारला की अजूनबी घाम फुटतो. तरी ते लाल मेणात बुडवलेलं तोंड बघून माणूस घेतोच.

आता चव. बर्बन म्हणायचं तर कमीत कमी ५१ टक्के मका पाहिजे अन् आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप पाहिजे. बाकीचे बहुतेक जण मक्यासोबत राय नावाचं धान्य घालतात, मेकर्स मार्कवाले गहू घालतात, ७० टक्के मका, १६ गहू, १४ माल्ट केलेलं जव, म्हणून झणका कमी अन् व्हॅनिला, कॅरमल जास्त. नुसती घेतली तर एकदम मऊ. पण ओल्ड फॅशन्ड म्हंजे व्हिस्की, साखर अन् बिटर्सचं कॉकटेल, त्यात साखर आधीच असते, मग गोडावर गोड होतं अन् दोन घोटात कंटाळा येतो.

म्हणून ६० मिलीला साखर अर्धाच चमचा अन् अँगोस्तुरा बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्क) तीन झटके, थेंब नाही, झटके. आधी साखर अन् बिटर्स चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग व्हिस्की. हल्ली जो तो गूळ टाकून बघा म्हणायलाय, मला नाही पटत, गुळाचा वास सगळ्यावर बसतो. बर्फ मोठाच पाहिजे, छोट्या स्टीलच्या वाटीत पाणी घालून फ्रीजरला लावा, मे महिन्यात ट्रेमधले ते चिल्लर तुकडे गच्चीवर जाईपर्यंत पाणी होतेत.

वरून पिळायला साल मात्र जालन्याच्या मोसंबीची घ्या. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, पिळली तरी नुसती दुमडते. मोसंबीची घट्ट असते, पीलरनं लांब पट्टी काढायची, पांढरं कमीत कमी येऊ द्यायचं, ग्लासवर धरून चिमटीत दाबली की उजेडात बारीक फवारा दिसतो अन् वर तेलाची साय चमकते. वास संत्र्याएवढा गोड नाही येत, ह्या बाटलीला तेच बरं. (शहरातल्या एका बारमधे ओल्ड फॅशन्डच्या नावाखाली सोडा अन् डब्यातली चेरी घालून दिलं होतं, पैसे मात्र पूर्ण घेतले.)

सोबत सिगार ओढायची तर कनेक्टिकट रॅपरची (रॅपर म्हंजे बाहेरचं तंबाखूचं पान) हलकी असेल तरच जमतं, त्या मलईदार धुरासोबत गव्हाचा मऊपणा छान लागतो. निकाराग्वाची काळी माडुरो (गडद पानाची सिगार) पेटवली की मेकर्स मार्क गायबच, तिथं जिम बीम व्हाईट ही दुसरी बर्बन लावा, चार वर्षांची अन् राय असलेली, थोडी रांगडी आहे पण धुरापुढं टिकते, शिवाय स्वस्त. धूर छातीत ओढायचा नाही हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं. अन् आपल्याकडचा उन्हाळा सिगारचा दुश्मन, उघडी ठेवली की रॅपर तडकलाच. हवाबंद डब्यात ६९ टक्के ओलावा धरून ठेवणारं ह्युमिडिटी पाकीट टाकून ठेवा, फ्रीजमधे मेथीशेजारी नको.

मी तरी कॉकटेलला आता जिम बीमच आणणार, मेकर्स मार्क जेवणानंतर नुसती घ्यायला.