कोंदणाची परीक्षा : जुना साग, अकीक आणि दख्खनची खनिजे

पुण्यातील एका लहान कार्यशाळेत चांदी, जुने लाकूड आणि दख्खनच्या पठारावर सापडणारी खनिजे एवढ्याच साहित्यातून दागिने घडवले जातात. तेथून घेतलेला एक ब्रोच, एक पदक आणि एक अंगठी मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, घरी आणि समारंभांत वापरून पाहिली आहे. निष्कर्ष आधीच सांगते. ब्रोच उत्तम आहे, पदक काही उणिवांसह चांगले आहे आणि अंगठी, तिन्हींत सर्वांत देखणी असूनही, घेऊ नये. तिन्ही वस्तू एकाच हाताने घडवलेल्या दिसतात. फरक एवढाच, की पहिल्या दोन वस्तूंत कारागिराने साहित्याचा स्वभाव ओळखून कोंदण केले आहे आणि तिसऱ्या वस्तूत मात्र खड्याच्या रूपावर भाळून तो स्वभाव नजरेआड केला आहे.

या खनिजांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानात त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. लाव्हारस थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे दीर्घकाळ त्या पोकळ्यांतून झिरपलेल्या, खनिजे विरघळलेल्या पाण्याने त्यांच्या आत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट आणि अकीक (अ‍ॅगेट) या खनिजांचे थर चढवले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत खडीसाठी दगड फोडताना किंवा विहीर खणताना अशी पोकळी फुटली, की आतले स्फटिक उजेडात येतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने पाहायला मिळतात, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील कॅव्हनसाइट या निळ्या खनिजासाठी तर जगभरचे संग्राहक पैसे मोजतात.

तथापि कपाटात ठेवायचा नमुना आणि अंगावर घालायचा दागिना यांच्या गरजा वेगळ्या असतात. खनिज किती कठीण हे एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस मापनश्रेणीत अकिकाचे काठिण्य साडेसहा ते सात भरते, अपोफिलाइटचे साडेचार ते पाच आणि स्टिल्बाइटचे व कॅव्हनसाइटचे त्याहूनही कमी, म्हणजे चारच्या आतबाहेर. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचे काठिण्य सात असते, त्यामुळे अकीक वगळता यांतील प्रत्येक खड्यावर नुसती धूळ पुसतानाही ओरखडे उठू शकतात. असा खडा वापरूच नये असे नाही. पण तो कुठे आणि कसा बसवायचा, हा प्रश्न त्याच्या रंगाच्या आणि चकाकीच्याही आधी सोडवावा लागतो.

ब्रोचमध्ये तो प्रश्न फार हुशारीने सोडवला आहे. अंगठ्याएवढी, पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलेली सागाची पट्टी आणि तिच्या खालच्या कडेला शेवाळी अकिकाची अरुंद चीप, असे त्याचे साधे रूप आहे. पट्टी चांदीच्या पत्र्यावर चिकटवलेली नाही, दोन बारीक रिव्हेटांनी, म्हणजे आरपार ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांनी, धरलेली आहे. भिंगातून पाहिले तेव्हा लक्षात आले, की एका रिव्हेटचे छिद्र गोल आहे आणि दुसऱ्याचे किंचित लांबट, आणि तेही लाकडाच्या रेषांना आडवे. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. लांबट छिद्रामुळे पट्टीला हलायला जागा मिळते आणि ती तडकत नाही. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पट्टीची कड चांदीच्या कडेपासून केसभर आत सरकली होती. ऑगस्टमध्ये ती पुन्हा बरोबरीला आली. फट नाही, चीर नाही. फर्निचर करणारा चांगला सुतार टेबलाचा माथा बसवताना हेच करतो, पण दागिन्यात एवढ्या लहान मापात ते करणारे थोडेच.

लाकडावर रेझिनचा थर नाही, फक्त जवसाचे तेल आणि मधमाशीचे मेण आहे. बाजारात सध्या लाकडाच्या तुकड्यावर इपॉक्सी हे पारदर्शक रेझिन ओतून केलेली लोलके सर्वत्र दिसतात. ती नवी असताना काचेसारखी चमकतात, पण इपॉक्सी उन्हाने पिवळे पडत जाते आणि एकदा ओरखडले की पहिली झळाळी सहज परत येत नाही. तेलमेणाचे लाकूड घरीच पुन्हा पुसून घेता येते. ब्रोचच्या मागची दुहेरी टाचणीही विचारपूर्वक केलेली असल्यामुळे तो पदरावर गरकन फिरत नाही आणि लाकूड हलके असल्यामुळे रेशमी साडीला ओढ बसत नाही.

लाकडाचा दागिना ही परदेशी हौस आहे, असा एक सूर ऐकू येतो आणि तो मला पटत नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ लाकडाचीच असते आणि वर्षानुवर्षांच्या घामाने, स्पर्शाने तिच्या मण्यांना जी गुळगुळीत काळपट झाक येते, ती कोणत्याही पॉलिशने साधत नाही. युरोपातही मौल्यवान खड्यांपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारी परंपरा जुनी आहे. रने लालीक या फ्रेंच कलावंताने १९व्या शतकाच्या अखेरीस शिंग, काच आणि मीना यांतून चतुर नावाचे कीटक, फुले आणि पाने घडवली; त्याचा चतुराच्या देहाची स्त्री असलेला प्रसिद्ध अलंकार लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. अलीकडच्या काळात जर्मनीच्या डोरोथेआ प्रूल यांनी लाकडातून गळ्यातले मोठे, ठसठशीत अलंकार केले. तेव्हा पुण्याच्या या कार्यशाळेला मी कौतुकाची सवलत देऊ इच्छित नाही. तिला याच परंपरेच्या मापाने मोजले पाहिजे.

पदकात स्टिल्बाइटच्या पांढुरक्या पातळ थरावर कॅव्हनसाइटचा ज्वारीच्या दाण्याएवढा निळा गोळा आहे. सूक्ष्म सुयांचा तो गुच्छ बोट लागले तरी मोडेल, म्हणून त्यावर पारदर्शक स्फटिकाचा घुमटाकार खडा बसवून कड चांदीने बंद केली आहे. उपाय योग्य आहे आणि घुमटामुळे निळा रंग किंचित मोठाही दिसतो. उणीव वजनाची आहे. पदक जड आणि साखळी फार बारीक असल्याने चालताना ते उलटे होते आणि समोरच्याला चांदीची कोरी पाठ दिसते. मी साखळी काढून काळा रेशमी गोफ घातल्यावर ते जागेवर राहू लागले, पण हा विचार घडवणाऱ्याने करायला हवा होता. सोबतच्या कार्डावर या खनिजाने मनःशांती लाभते आणि नकारात्मक ऊर्जा दूर होते, असेही छापले आहे. खनिज कोणत्या खाणीतले, त्यावर रंग किंवा तापवण्याची प्रक्रिया केली आहे का, हे त्याच जागेत लिहिले असते तर ग्राहकाचे अधिक भले झाले असते. अकीक तापवून लाल करण्याची आणि रंगवण्याची पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. विचारल्यावर मात्र ब्रोचमधला अकीक न रंगवलेला असल्याचे कार्यशाळेने बिलावर लिहून दिले.

आता अंगठी. हिरवट झाक असलेला अपोफिलाइटचा टोकदार स्फटिक चार नख्यांत उघडा उभा केला आहे आणि उजेडात तो खरोखर डोळ्यांत भरतो. पण अपोफिलाइट एका ठरावीक दिशेने पापुद्र्यासारखा सहज दुभंगतो. हात दिवसभर दाराला, भांड्याला, बसच्या दांडीला लागत असतो, आणि नख्यांचा दाब नेमका त्या दुबळ्या पातळीजवळ आहे. माझ्या अंगठीतल्या खड्याचे एक टोक कपाटाच्या कडीला हलकेच लागून उडाले. दुसरी अडचण मापाची. अंगठी सैल करायची तर वळे कापून डाग द्यावा, म्हणजे तापवून सांधा जोडावा लागतो आणि अपोफिलाइटच्या घडणीतच पाणी असल्यामुळे उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे आधी खडा काढणे आले आणि नख्या उघडताना तो फुटण्याचा धोका आलाच. तोंड उघडे ठेवलेले वळे केले असते तर मापाचा प्रश्न उद्भवला नसता. कार्यशाळेने घडणावळ घेऊन नवा स्फटिक बसवून देण्याची तयारी दाखवली, परंतु ‘नैसर्गिक खडा म्हटला की असे व्हायचेच’ हे त्यांचे उत्तर मला मान्य नाही. हाच स्फटिक कानातल्यात, कडेने उंच कोंदण करून बसवला असता तर वर्षानुवर्षे टिकला असता.

किमतीविषयी. ब्रोच साडेचार हजारांच्या आसपास, पदक त्याहून थोडे महाग आणि अंगठी तीन हजारांच्या आत आहे. चांदीवर ९२५चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्धतेचा, शिक्का आहे आणि बिलात तिचे वजन वेगळे दाखवले आहे, ही चांगली गोष्ट. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘मोडीत किती येतील?’ असे विचारले, तर उत्तर ‘फारच थोडे’ असेच द्यावे लागेल, कारण किमतीचा मोठा भाग घडणावळीचा आहे. ब्रोचची घडणावळ मला रास्त वाटते, अंगठीची नाही. ब्रोच घेणाऱ्यांनी सागाच्या पट्टीला अत्तराचा फवारा आणि ओला हात लावू नये. पावसाळा संपल्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसला, की लाकडाचा रंग पुन्हा उघडतो.