लहान मुलांना घेऊन मुंबई : मुक्काम दादरला की फोर्टला?

डिसेंबर जवळ आला की आमच्या सांगलीत कुणी ना कुणी विचारतंच, पोरांना मुंबई दाखवायचीय, राहायचं कुठे? बहुतेकजण दादर सांगतात आणि लोक बुकिंग करून मोकळे होतात. आम्ही दोन्ही करून बघितलंय, एका वर्षी दादर आणि पुढच्या वर्षी फोर्ट, लेक तेव्हा सहा-सात वर्षांची आणि धाकटा तीन-चारचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. घरातलं धाकटं मूल अजून दुपारी झोपत असेल तर फोर्ट-चर्चगेटकडेच खोली घ्या, खोली लहान मिळाली आणि पैसे जास्त गेले तरी. मुलं सहाच्या पुढची असतील तर दादर बिनधास्त.

झालं असं की दादरच्या ट्रिपला आम्ही पहिल्याच दिवशी म्युझियम आणि गेटवे ठरवलं. म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स. सकाळ मस्त गेली. एक वाजता धाकटा पेंगायला लागला आणि खोली दादरला, जाऊन परत यायचं म्हणजे दीड-दोन तास गेलेच, म्हणून तसंच रेटलं, तो बाबांच्या खांद्यावर झोपला, मग माझ्या, मग परत बाबांच्या. गेटवेला पोचलो तेव्हा तो नुसता रडत होता, समोर एवढा समुद्र, बोटी, कबुतरं, कशाकडेच बघेना. साडेपाचला चर्चगेटला आलो तर ऑफिसं सुटलेली, दोन लोकल सोडल्या, तिसरीतही मुलांना घेऊन चढायची हिंमत झाली नाही, शेवटी टॅक्सी केली आणि ट्रॅफिकमधून दादरला यायला तासाच्या वर लागला.

पुढच्या वर्षी फोर्टला राहिलो. सव्वादहाला म्युझियम उघडलं तेव्हा आम्ही दारात. आधी भुसा भरलेले प्राणी-पक्षी बघितले, मग आवारातच 2019 मध्ये सुरू झालेलं मुलांचं म्युझियम आहे तिथे. साडेबाराला बाहेर, उडप्याकडे दहीभात-इडली, आणि दीडला खोलीत. दोघंही झोपली, आम्हीपण आडवे झालो. साडेचारला गेटवेला गेलो तर तोच मुलगा बोटीच्या कठड्याशी उभा राहून लाटा मोजतोय! एवढ्या लहान पोरांना एलिफंटाला नेऊ नका असं माझं म्हणणं आहे, जायलाच तासभर लागतो आणि वर शंभरावर पायऱ्या. गेटवेवरून बोटीची छोटी चक्कर मारून आणतात ती पुरते. मोठी मुलं असतील तर एलिफंटा जरूर करा, फक्त सोमवारी बंद असतं.

फोर्टचा अजून एक फायदा म्हणजे संध्याकाळ. मरीन ड्राइव्हला चालत जाता येतं, कठड्यावर बसायचं, दिवे लागेपर्यंत थांबायचं, तिकीट नाही काही नाही. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी एसी डबलडेकर बस आहे, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर मुलांना दुसरं काही नको. आमची लेक उतरायलाच तयार नव्हती, आम्ही त्याच बसने परत आलो.

आता दादरची बाजू. जेवणाखाण्यात दादरला तोड नाही, आस्वादचं थालीपीठ, प्रकाशचा साबुदाणा वडा, पियुष, घरच्या चवीचं मिळतं आणि मुलं कुरकुर न करता खातात. फोर्टला इराणी हॉटेलात बनमस्का छान लागतो पण रोजच्या जेवणाला शोधाशोध करावी लागते. शिवाजी पार्क आहे, मुलांना नुसतं पळायला सोडायचं, हे फोर्टला तसं मिळत नाही. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात. नातेवाईक ठाण्या-डोंबिवलीला असतील तर त्यांनाही दादर सोपं.

आणि भुयारी मेट्रोने दादर पूर्वीपेक्षा खूप बरं झालंय. ऑक्टोबर 2025 पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, दादरहून चौथं स्टेशन सायन्स सेंटर, तिथून वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जाता येतं, आणखी पुढे हुतात्मा चौक, चर्चगेट. लिफ्ट आहेत, त्यामुळे बाबागाडीसुद्धा चालते (रस्त्यावर मात्र बाबागाडी विसरा, फुटपाथ तेवढे सलग नाहीत). आमच्या वेळी ही असती तर ती संध्याकाळ तशी गेली नसती. तरी खोलीतून निघून खोलीत पोचेपर्यंतचा वेळ धरला तर दुपारच्या झोपेसाठी परत येणं अवघडच.

राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, दोन्हीकडून सारखीच. भायखळा मध्ये पडतं, लोकलने थोडीच स्टेशनं, अकरा ते चार या वेळात गेलात तर बसायलाही मिळतं. बुधवारी बंद. पेंग्विनसाठी वेगळी थंडगार खोली केलीय, धाकट्याने काचेला तळहात लावला आणि आतून एक पेंग्विन पाण्याखालून सुसाट येऊन बरोब्बर त्याच्या हातासमोर वळला. त्यानंतर घरी येऊन आठवडाभर आंघोळीच्या बादलीत पेंग्विन.

म्हातारीच्या बुटासाठी, म्हणजे मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कसाठी, फोर्ट जवळ पडतं. नेहरू तारांगण सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क दोन्हीकडून लांब आहे, दोन-तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये ते घुसवू नका.

एक गोष्ट सांगलीकोल्हापूरकडच्यांनी आधीच लक्षात घ्या, माहीम-सायनच्या दक्षिणेला शहरात रिक्षा नाही. दादरलाही नाही आणि फोर्टलाही नाही, टॅक्सी किंवा बस. जवळचं अंतर असलं की काही टॅक्सीवाले नको म्हणतात, म्हणून मुलं दमायच्या आधी परत फिरायला लागायचं.

महालक्ष्मी एक्सप्रेसने येणार असाल तर दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, झोपेतली मुलं आणि सामान घेऊन आधीपासून दाराशी उभं राहावं लागतं. सीएसएमटी शेवटचं स्टेशन, निवांत उतरता येतं. पण गाडी सकाळी पोचते आणि बऱ्याच हॉटेलांचं चेक-इन बाराला, त्यामुळे बुकिंग करतानाच फोन करून सकाळी खोली देणार का ते विचारा, नाहीतर निदान सामान ठेवून मुलांची तोंडं धुवायची सोय होईल का तेवढं तरी.