नसलेल्या कौंटीतलं लग्न

एकूण २,३५० डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष ‘पण गेले किती?’ यातच राहतं.

मी केंटकीत लेक्सिंग्टनला राहते. नवरा इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतला. सासऱ्यांना (इथल्या रीतीनं मी त्यांना नावानंच हाक मारते, पण मराठीत लिहिताना हात धजत नाही) ऐंशी पूर्ण होणार होती. घराण्याची माहिती म्हणून त्यांच्याकडे एकच वाक्य होतं: ‘आमचे लोक व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून आले.’ कोण आले, कधी आले, काही पत्ता नाही. म्हटलं, वाढदिवसाला त्यांना वंशावळच देऊ. माझ्या डोळ्यांसमोर होती आमच्या नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांची वही. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड सोडतात, पानं उलटतात, आणि पणजोबांच्या हातची सही समोर येते. अमेरिकेतही कुणीतरी असंच बाड घेऊन बसलं असेल, ही माझी भाबडी समजूत.

बाई इंटरनेटवर सापडली. सुरुवातीच्या अमेरिकन घराण्यांची अभ्यासक म्हणवून घेणारी, बोलायला गोड. पहिले ४५० डॉलर कार्डावर दिले. आठवड्याभरात मेल आला, ‘तुमचं घराणं असामान्य निघालंय, इथेच थांबू नका.’ मग ६०० कौंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) नोंदी काढायला, ३०० सही-शिक्क्याच्या नकलांना, ७०० इंग्लंडातल्या चर्चच्या वह्यांसाठी, शेवटी ३०० पुस्तकाच्या बांधणीला. कार्डावरचे पहिले तेवढेच. पुढचे सगळे तिनं थेट बँकेतून पाठवायला सांगितले आणि मी पाठवले. शिकलेली बाई मी, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर चार शब्द सुनावले असते.

पुस्तक आलं ते मात्र देखणं. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, पहिल्या पानावर ढाल आणि सिंह असलेलं कुलचिन्ह. सोळाव्या शतकातल्या एका इंग्लिश सरदारापासून थेट माझ्या मुलीपर्यंत चौदा पिढ्या, मध्ये कुठे एक गाळलेली जागा नाही. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते कुलचिन्ह लाकडात कोरून घेतलं आणि फायरप्लेसच्या वर टांगलं.

बिंग फुटलं कसं, तर माझ्याच हौसेनं. पुस्तकात १८०२च्या लग्नाच्या जामीनखताची नक्कल होती. इथे त्या काळी लग्नाआधी नवरदेवाला कौंटीच्या कचेरीत जामीन लिहून द्यावा लागे. मला मूळ कागदाचा फोटो काढून फ्रेम करायचा होता. नकलेवर एस्टिल कौंटी लिहिलेलं, म्हणून गाडी काढून अर्विनच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईनं चष्मा खाली ओढून कागद पाहिला आणि म्हणाली, “हनी, १८०२ साली आमची कौंटीच नव्हती.”

एस्टिल कौंटी झाली १८०८ साली, मॅडिसन आणि क्लार्क या दोन कौंट्यांचे तुकडे जोडून. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून निघाला; आता कुणी ‘सिंधुदुर्ग जिल्हा, १९७५’ असा शिक्का मारलेला जन्मदाखला दाखवला तर तुम्ही काय म्हणाल? तेच. केंटकीत आज १२० कौंट्या आहेत, आणि हे राज्यच १७९२पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होतं. माणूस एकाच झोपडीत जन्मभर राहिला तरी त्याची कौंटी दोन-तीनदा बदललेली असते, आणि जुन्या नोंदी जुन्या कौंटीच्या कचेरीतच राहतात.

काउंटरवरच्या बाईंनी तो कागद उजेडात धरून मला जवळ बोलावलं. हस्ताक्षर म्हणून जे छापलं होतं त्यातल्या प्रत्येक ‘जी’ अक्षराचं शेपूट हुबेहूब सारखं होतं. पानभर सोळा ‘जी’, सोळा सारखी शेपटं. तांबूस डाग होते तेही दोन कोपऱ्यांत एकाच आकाराचे, एक सुलटा, एक उलटा. बोरूनं लिहिणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही, हे मोडी वाचणाऱ्या आजोबांची नात असून मला दिसलं नव्हतं.

मग रात्री पुस्तक घेऊन बसले. फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर खाते फुकट उघडता येतं आणि अमेरिकेच्या जुन्या खानेसुमारीच्या पानांची छायाचित्रं पाहता येतात. हे आधी केलं असतं तर! ‘खानेसुमारी’ हा आपला जुना शब्द मुद्दाम वापरतेय, कारण १७९० ते १८४० इथे खरंच घरांची मोजणी व्हायची. कुटुंबप्रमुखाचं तेवढं नाव, आणि पुढे रकान्यांत आकडे: अमुक वयाचे पुरुष इतके, बायका इतक्या, गुलाम इतके. आमच्या पुस्तकात मात्र ‘१७९०ची जनगणना, व्हर्जिनिया’ म्हणून बायकोचं नाव, पाच मुलांची नावं, वयं, सगळं! त्यात व्हर्जिनियाच्या १७९०च्या याद्या टिकलेल्याच नाहीत. त्या नावानं जे छापील पुस्तक मिळतं ते १७८२ ते १७८५च्या याद्यांवरून नंतर जुळवलेलं आहे. घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं खानेसुमारीत पहिल्यांदा आली ती १८५० साली. गुलामांची वेगळी यादी असे, आणि तिच्यात बहुतेक ठिकाणी मालकाचं नाव आणि खाली नुसती वयं. ती पानं मी दोनदा उघडून दोनदा बंद केली. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना १८८०चा. आमच्या पुस्तकानं १८५०च्या घरातल्या तीन पोरांना बिनदिक्कत ‘पुत्र’ म्हणून टाकलं होतं. ती पुतणी, सावत्र किंवा कामाला ठेवलेलीही असू शकतात, त्या पानावरून कळायला मार्गच नाही.

आणि १८९०! पुस्तकात ‘१८९०ची जनगणना, केंटकी’ असा पानाच्या क्रमांकासकट उल्लेख. १९२१च्या जानेवारीत वॉशिंग्टनला व्यापार खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात ही जनगणना जळाली, भिजली. उरलेली पुढे सरकारी हुकमानं नष्ट केली. सहा कोटींहून जास्त माणसांपैकी सुमारे सहा हजार नावं शिल्लक आहेत आणि त्यांत केंटकीचं एकही घर नाही. म्हणजे बाईनं राखेतून पान काढून दिलं होतं. नवरा हसायला लागला. मला हसू यायला दोन दिवस लागले.

कुलचिन्हाचंही तेच. इंग्लंडात ते आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात चालतं. आडनाव सारखं म्हणून लावायचं तर उद्या महाराष्ट्रातले सगळे भोसले साताऱ्याच्या गादीवर हक्क सांगतील.

ही विद्या नवी नाही. गुस्ताव आंजू नावाच्या स्वीडनहून आलेल्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये बसून श्रीमंतांना अशाच वंशावळी करून विकल्या. त्याचं कसब असं की खऱ्या नोंदींची भली मोठी रांग लावायची आणि नेमक्या सांध्यावर एक बनावट कागद घुसवायचा. आमच्या पुस्तकातही ऐंशी टक्के नोंदी खऱ्या होत्या. म्हणून तर फसलो.

तो सांधा कुठे होता ते पुढे मॅडिसन कौंटीच्या कचेरीत, रिचमंडला, कळलं. जमिनीच्या व्यवहारांच्या वह्या एवढ्या जड की कप्प्यांना लोखंडी रूळ लावलेले, उचलायच्या नाहीत, ओढायच्या. त्या काळी शेत विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, तू तुझा हक्क राजीखुशीनं सोडतेस ना? आणि तिचं नाव खताखाली लिहीत. आमच्या नावाचा एक माणूस १८०५ साली जमीन विकतो, बायको सारा. त्याच नावाचा दुसरा त्याच साली साक्षीदार, आणि त्याची बायको दुसऱ्या खतात नॅन्सी. दोन माणसं! जमीनजुमलावाला सारावाला, ज्याचा बाप व्हर्जिनियातला बडा. आमचा होता नॅन्सीवाला. त्या बाईनं एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून दिली होती, आणि टोपी बसावी म्हणून एक लग्न बनवलं होतं. ते लग्न ‘नव्या’ कौंटीत टाकलं, म्हणजे मॅडिसनच्या वहीत शोधायला कुणी जाणार नाही.

तुम्ही कुणाला असं काम देणार असाल, आणि आता आपल्यात अमेरिकन सुना-जावई घरोघरी आहेत, तर टंकलेली नक्कल घेऊ नका, मूळ पानाचं छायाचित्र मागा, वहीच्या आणि पानाच्या क्रमांकासकट. मग एकच बघा: त्या साली ती कौंटी होती का, आणि त्या वहीत तो रकाना होता का. पैसे टप्प्याटप्प्यानं आणि कार्डानंच द्या. मला कार्डावरचे ४५० परत मिळाले, बाकीच्यांवर पाणी सोडलं. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवली आहे. बाईचा मेल आता पोचत नाही. आणि मुख्य म्हणजे, काम करणारा कधीतरी ‘इथे मला सापडत नाही’ म्हणतो का ते पाहा. ती एकदाही म्हणाली नाही, आणि मला तेच आवडलं होतं.

सासऱ्यांना सांगायला आम्ही महिनाभर घाबरलो. शेवटी नवऱ्यानं त्यांच्यापुढे कराच्या यादीची झेरॉक्स ठेवली. केंटकीच्या या याद्या १७९२पासूनच्या आहेत. आमच्या नॅन्सीवाल्यापुढे लिहिलंय: एकवीस वर्षांवरचा गोरा पुरुष १, जमीन काही नाही, घोडा १. त्याच्या आधीचं अजून काहीच सापडलेलं नाही.

म्हातारे बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग विचारलं, “घोड्याचं नाव नाही का लिहिलं?”