सायकियाट्रिक नर्सिंगचं एम.एस्सी.: दोन वर्षं, अठरा फायली आणि एक काकाजी

ॲडमिशनचे दिवस आले की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो, "ताई, सायकियाट्रिक घेऊ की मेडिकल-सर्जिकल?" म्हणजे एम.एस्सी. नर्सिंगला मानसिक आजारांचा विषय घेऊ की औषधोपचार-शस्त्रक्रियेच्या पेशंटचा. दर वेळी वीस-वीस मिनिटं बोलून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी नागपूरची. नऊ वर्षं मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत काढली, मग नोकरी सोडून एम.एस्सी. नर्सिंगला सायकियाट्रिक विषय घेतला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. माझ्या मैत्रिणी वेगवेगळ्या कॉलेजांतून शिकल्या आणि रडगाणं सगळ्यांचं जवळपास एकच आहे.

कोरडी माहिती पटकन उरकते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला (डिप्लोमावाल्या नर्सेसची पदवी) किमान ५५ टक्के, एक वर्षाचा अनुभव, कोर्स दोन वर्षांचा, आरोग्य विद्यापीठ नाशिकचं. मी शिकले तेव्हा पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च-स्टॅटिस्टिक्स आणि आपला विषय. दुसऱ्या वर्षाला मॅनेजमेंट, पुन्हा आपला विषय, आणि डिझर्टेशन, म्हणजे संशोधन प्रबंध. विषयांची यादी जरा निरखून पाहा. यातला बराच भाग तुम्हाला शिक्षिका आणि इन्चार्ज करायला आहे. वॉर्डात पेशंटसमोर बसून काय करायचं, ते त्यातल्या एकाच विषयाच्या पोटात आहे. मला हे फी भरल्यावर कळलं.

आता फायली. दोन वर्षांत अठरा भरल्या. केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, केअर प्लॅन, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन (पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी), ड्रग बुक, आणि प्रत्येकीला स्केचपेनची बॉर्डर. एकदा माझी फाईल परत आली. पेशंटच्या हिस्ट्रीत काय चुकलं म्हणून पाहिलं, तर समासाची रेघ हिरवी होती, निळी हवी होती. ३३ वर्षांची बाई, घरी मुलगा तिसरीत, आणि मी रात्री साडेअकराला त्याचीच पट्टी घेऊन रेघा मारून राहिली. नवरा म्हणाला, "दोघं एकाच वर्गात आहात का?"

पहिल्या वर्षाचं क्लिनिकल पोस्टिंग म्हणजे ओपीडीच्या कॉरिडॉरमधला बाक. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर दहाला यायच्या, हजेरीवर सही करायच्या, वीस मिनिटांत स्कूटी बाहेर. आम्ही जुन्या केसपेपरवरून हिस्ट्री उतरवून घ्यायचो. शिक्षिका कमी होत्या, म्हणून बी.एस्सी.च्या थर्ड इयरची दोन युनिटं मीच शिकवली, फुकटात. वर ऐकवलं गेलं की हा तुमच्या नर्सिंग एज्युकेशनचा सराव आहे. इथपर्यंतचंच विचाराल तर पाचपैकी दीड देईन, तोही कँटीनच्या तर्री पोह्यासाठी.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. आमची पोस्टिंग मोठ्या मनोरुग्णालयात लागली आणि एक नवीन मॅडम आल्या.

नागपुरात राहणाऱ्याला प्रादेशिक मनोरुग्णालय कुठे आहे हे सांगावं लागत नाही. छिंदवाडा रोडवरच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौकच म्हणतात. १८६४ पासूनचं हे रुग्णालय. राज्यात अशी चारच: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं. पहिल्या दिवशी ऑटोवाल्याला चौकाचं नाव सांगितलं तर त्यानं आरशातून दोनदा पाहिलं. सासूबाईंनीही विचारलंच, "तिकडे काऊन जाऊन राहिली रोज? घरात काही कमी आहे का?"

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात प्रोसेस रेकॉर्डिंग मागितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहायचं, तीन रकान्यांत. तो काय म्हणाला, मी काय म्हणाली, आणि त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं. तिसरा रकाना सगळ्यात त्रासाचा. माझं पहिलं रेकॉर्डिंग दहा मिनिटांचं होतं आणि त्यात मी अकरा प्रश्न विचारले होते. मॅडमनी अकराही प्रश्नांना लाल गोल केले आणि खाली लिहिलं, "ही पोलीस चौकी आहे का?"

मग एक काकाजी. ओळख लागू नये म्हणून गाव बदलून काटोलकडचे म्हणते. संत्र्याचा बगीचा होता त्यांचा. रोज मला एकच विचारायचे, "सिस्टर, तिकडे पाऊस आला का?" मी रोज खरं उत्तर द्यायची: नाही आला काकाजी, मे महिना आहे, आज अमुक तारीख, अमुक वार. पुस्तकात रिॲलिटी ओरिएंटेशन शिकलेलं होतं ना. रेकॉर्डिंगमध्ये मी ठोकून दिलं, त्याच त्याच विषयात अडकलेले विचार.

मॅडम दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आल्या. बाकावर बसल्या, पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मला तर घाम फुटला, आयसीयूत पाच मिनिटं गप्प म्हणजे कोणीतरी गेलं. काकाजींनी नेहमीचा प्रश्न टाकला. मॅडमनी विचारलं, "आला तर काय कराल, काकाजी?"

"बगिच्याले ताण देल्ला होता ना बाई. पानी तोडलं होतं. आता पाऊस नाही आला त पानी सोडंल कोन? झाडं वाळतीन."

ज्यांना संत्र्यातलं कळतं त्यांना सांगायला नको. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात, आणि मृगाचा पाऊस पडला की फूल फुटतं. काकाजींना घरच्यांनी आणलं तेव्हा बगीचा ताणावर होता. त्यांच्या हिशेबानं झाडं अजूनही पाण्याची वाट पाहून राहिली होती. परतताना मॅडमनी एवढंच विचारलं, "हे लक्षण आहे की काळजी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर दोन्ही होतं. पण मी दोन आठवडे एकच लिहीत होते. त्या दिवशीची फाईल बिनबॉर्डरची दिली आणि ती पास झाली.

दुसरा प्रसंग ओपीडीतला, नवतप्यातला. बाहेर नागपूरचं ते ऊन, कूलरमधून गरम हवा. एक मुलगा पन्नाशीच्या आईला घेऊन आला. बाई बरीच वर्षं लिथियमवर, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांवरच्या गोळीवर. "दोन दिवसांपासून लूज मोशन होऊन राहिले, ऊन लागलं असेल," असं त्याचं म्हणणं. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि अर्धं पाणी पदरावर. मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "थरथर बारीक की मोठी?" लिथियमवर बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. हात ग्लासासकट हलतो, चाल लडखडते, जीभ जड होते, तेव्हा ती साधी गोष्ट उरत नाही. विचारत गेले तर सगळं निघालं. बी.पी.साठी कोणीतरी मीठ बंद करायला सांगितलं होतं, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी सुरू होती, जुलाब, वर हा उन्हाळा. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच गोळी थांबवून भरती केलं. रक्तातली पातळी ०.६ ते १.२ च्या दरम्यान हवी, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी मोजलेली. रिपोर्ट दोनच्या जवळ आला. नऊ वर्षांत मी किती उष्माघात पाहिले, पण मे महिन्यात लिथियमच्या पेशंटला "पाणी आणि मीठ तोडू नका" हे सांगायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता सगळ्या मुलींचा लाडका विषय: "ताई, अमेरिकेत तर सायकियाट्रिक नर्स औषधं लिहिते म्हणे." लिहिते. माझी मामेबहीण टेक्सासात तेच करते. तिथे मानसिक आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर व्हायला आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट. त्यात पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन वरच्या पातळीचे पेपर सक्तीचे. देखरेखीखाली किमान ५०० तास क्लिनिकल झाल्याशिवाय सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही. तिकडे सायकियाट्रिक नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण रटगर्स विद्यापीठात हिल्डगार्ड पेप्लाऊ या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं १९५४ पासूनच उभं केलं, त्यामुळे त्यांची गाडी आपल्या बरीच पुढे आहे. तरी राज्याराज्यात फरक. टेक्सासात बहिणीला डॉक्टरसोबत करार करूनच औषध लिहिता येतं, शेजारच्या न्यू मेक्सिकोत कराराशिवाय चालतं. आणि गंमत ऐका, तिचं रडगाणंही माझ्यासारखंच. तासभर शेजारी बसून शिकवेल असा प्रिसेप्टर तिला कॉलेजनं दिला नाही, स्वतः शोधावा लागला. चार महिने फोन फिरवत होती बिचारी.

आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर हा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलनं क्रिटिकल केअरसाठी आणला. आपलं एम.एस्सी. करून प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, एजंट काहीही सांगो. पण एक गोष्ट कॉलेजात कोणी धड शिकवली नाही, ती मॅडमनी कायदा समोर ठेवून शिकवली. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली मेंटल हेल्थ नर्स या कायद्यात मेंटल हेल्थ प्रोफेशनल ठरते. कलम ८९ खाली कोणाला स्वतः निर्णय घेता येत नाही, जास्त आधाराची गरज आहे म्हणून भरती करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं: एक सायकियाट्रिस्ट, आणि दुसरा डॉक्टर किंवा असा प्रोफेशनल. म्हणजे एखाद्या माणसाचं ३० दिवसांपर्यंतचं स्वातंत्र्य ठरताना आपलं मत कागदावर चालू शकतं. हे वाचलं त्या रात्री मला हिरव्या रेघेची आठवण झाली आणि डोकं फिरलं.

पैशाचं विचाराल तर, मी आता एका खासगी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आहे. पगारपत्रकावर अजूनही "स्टाफ नर्स" आहे, वाढ आयसीयूतल्या नाईट अलाउन्सएवढी. शिक्षिका व्हायचं असेल तर पदवी कामी येते, मेडिकल-सर्जिकल घेतलं तर जागा जास्त निघतात, हे खोटं कशाला बोलू. कोर्सला मी पाचपैकी साडेतीन देते, आणि त्यातले दोन मॅडमचे आहेत.

म्हणून फी विचारण्याआधी, इमारत पाहण्याआधी एक काम करा. त्या कॉलेजच्या मुली कुठल्या रुग्णालयात जातात ते विचारून घ्या आणि पोस्टिंगच्या दिवशी साडेदहाला तिथे जा. मुलींसोबत वॉर्डात कोणी उभं आहे का, ते बघा. आत सोडलं नाही तर दारावरच्या सिस्टरला विचारा. त्यांना सगळं माहीत असतं, आणि चहा पाजला तर त्या सांगतातही.