दुबई की जर्मनी?

वाळूजच्या कंपनीतला आमचा भाचा. तीन वर्षांचं लेकरू, हातात दोन ऑफर. "मामा, कुठं जाऊ?"

पगारावर दुबईत आयकर नाही. जर्मनीत कर नि विमा कापून पगार बारीक होतो. पण लेकराची शाळा धरा. दुबईत आपल्या लोकांची मुलं बहुतेक खासगी शाळेत, फी दणकून. जर्मनीत सरकारी शाळा फुकट, वर 2025 मध्ये मुलामागं महिना 255 युरो भत्ता.

दुबईचा व्हिसा सहसा नोकरीला बांधलेला. जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, 21 महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, पण बी1 पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं निभावण्याइतकी, जर्मन भाषा हवी. सूनबाईंनी फ्रिजवर 'डेर, डी, दास' ही जर्मन नामांआधीची उपपदं चिकटवलीत. भाच्याच्या आईला, आमच्या अक्काला, ते औषधाचं नाव वाटतं.

अक्का आजारी पडली तर? दुबई-मुंबई तीन-साडेतीन तास, पुढं रात्रभर ट्रॅव्हल्स.

कर्ज फेडून परतायचं तर दुबई. लेकरू तिकडंच वाढवायचं तर जर्मनी. मग जर्मनचा क्लास आजच लावा.